शून्य नायट्रेटचे अकरा आठवडे

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी सव्वाआठ.

हजर: मी. माझे सासरे, ज्यांना सगळं घर आबा म्हणतं. नवरा, म्हणजे हे, आंघोळीला गेलेले, म्हणून अर्धे हजर. लेक नागपूरला, तिचा फोन नऊला यायचा होता. टाकीत दोन जोकर मासे, एक छोटा निळा मासा, सात शंख आणि पाच कोरल. पाचांपैकी एका कोरलला हजर म्हणावं की नाही, हे मला त्या सकाळी ठरवता येत नव्हतं.

हजेरी घेण्याची सवय वॉर्डातली. मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. ड्यूटी बदलताना आधी हजेरी, मग कामांची यादी, झालेल्या कामासमोर बरोबरची खूण. घरीही तसंच. किराणा, गॅस, औषधं, आणि गेल्या ऑगस्टपासून टाकी.

टाकी लेकीची. आमच्या कळमनुरीच्या घरात, पुढच्या खोलीत, दोनशे लिटर खारं पाणी. अकरावीत असताना तिनं हट्टानं बसवली. मीठ पार्सलनं यायचं, ते फिल्टरच्या पाण्यात मोजून कालवायचं. शेजारपाजारचे लोक पाहुण्यांना समुद्र दाखवायला आमच्याकडे आणायचे. तिचं सगळ्यात लाडकं कोरल हातोडीचं. त्याच्या मऊ बोटांची टोकं हातोडीसारखी, म्हणून ते नाव. थर्मोकोलच्या डब्यात, रात्रीच्या बसनं आलं तेव्हा त्याला एकच तोंड, म्हणजे बोटांचा एकच झुबका, होतं. दोन वर्षांत पाच झाली. प्रत्येक नवं तोंड फुटलं की ती आबांना शेतावर फोन करून सांगायची आणि आबा म्हणायचे, "म्हंजे हळदीवानी फुटून राहिलं की."

मत्स्यविज्ञान शिकायला नागपूरला जाताना तिनं कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला. त्यावर मीठ किती, तापमान किती, पाणी कधी बदलायचं, आणि शेवटी: "नायट्रेट दहाच्या वर जाऊ देऊ नको. फॉस्फेटवर लक्ष ठेव." माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून हे दोन्ही पाण्यात येतात, वाढले की शेवाळ माजतं, एवढं तिनं समजावलं होतं. वरची मर्यादा लिहिली. खालची लिहिली नाही. तिला ती इतकी उघड वाटली असावी की लिहावीशी वाटली नाही.

मला मात्र ती उघड नव्हती. वॉर्डात घाणीला खालची मर्यादा नसते. जखमेत पू थोडा असावा, असं कुणी सांगत नाही. म्हणून मी कामाला लागले. पाणी पंधरा दिवसांऐवजी दर आठवड्याला बदललं. माशांचं खाणं निम्मं केलं. फॉस्फेट शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी फिल्टरमध्ये ठेवली आणि महिना संपायच्या आत ती बदलत राहिले. पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र जोरात लावलं. नायट्रेट पंधरावरून आठ, आठवरून तीन. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तपासणीच्या नळीतलं पाणी, नायट्रेट असलं की गुलाबी होणारं, अगदी नितळ राहिलं. नायट्रेट शून्य. फॉस्फेटही शून्य. मी दोन्हींसमोर खूण केली आणि खुणेखाली रेघ ओढली. रेघ मी फक्त फार खूश असले तरच ओढते.

मार्चमध्ये हातोडीचा रंग उतरायला लागला. आधी हिरव्याचा पोपटी, मग पांढुरका. बोटं पूर्वी दुपारपर्यंत वीतभर फुलायची, ती आता आखडून बसली. वाळूवर तपकिरी, चिकट तारा दिसायला लागल्या, त्यांत बुडबुडे अडकलेले. मी त्या रबरी नळीनं ओढून काढल्या. दोन दिवसांत परत. मी पुन्हा पाणी बदललं. ड्यूटीवर असताना मधेच आठवायचं. घरी आले की चप्पल काढायच्या आधी टाकीपाशी. हे म्हणायचे, "अगं, निदान पर्स तरी ठेव. पेशंट कुठं पळून नाही जात."

एप्रिलमध्ये एका तोंडाचं मांस सुटलं आणि खालचा पांढरा सांगाडा उघडा पडला. आठ दिवसांनी दुसऱ्याचं.

याच काळात लेकीनं दोनदा फोटो मागितला. तिची परीक्षा चालू होती. दोन्ही वेळा मी डिसेंबरचा फोटो पाठवला, पाचही तोंडं फुललेली असतानाचा. तिनं लिहिलं, "किती छान सांभाळलंयस आई." मी त्या निरोपाला उत्तर दिलं नाही. परीक्षा संपली की सांगू, असं यादीत लिहिलं. परीक्षा संपली. ती महिनाअखेरीला घरी येणार होती.

आबा दर उन्हाळ्यात हळद शिजवून, विकून झाली की महिना-दीड महिना आमच्याकडे असतात. आल्या दिवशीच ते टाकीसमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"सूनबाई, याला खायला न्हाई मिळून राहिलं."

"आबा, ते झाड नाही. प्राणी आहे तो."

"असल. पर भुकेलं हाय. पानावरचा हिरवा असा उडाला म्हंजे भूकच असती."

मी हो हो केलं आणि वाळू साफ करायला घेतली. आठवडाभर ते रोज एकदा तेच बोलले. मी रोज एकदा हो म्हटलं.

त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे नळीत पाणी घेतलं, पावडर टाकली, थेंब टाकले, तीन मिनिटं घड्याळ लावलं. अकरा आठवडे ती नळी नितळ राहिली होती. त्या दिवशी ती गुलाबी झाली.

आधी वाटलं नळी नीट धुतली नव्हती. धुऊन पुन्हा केली. पुन्हा गुलाबी. तक्त्याला लावून पाहिलं, पाचाच्या जवळपास. काहीतरी आत मेलंय आणि कुजतंय, हाच पहिला विचार. मासे मोजले, तीन. शंख मोजले, सात. परत मोजले.

"काय हुडकून राहिलीस?" आबा चहाची बशी खाली ठेवत म्हणाले.

"पाण्यात नायट्रेट आलंय. कुठून आलं कळेना."

ते म्हणाले, "मी टाकलं. बेस्तरवारी. तू ड्यूटीवर होतीस."

"काय टाकलं?"

"तेरा शून्य पंचेचाळीस. हळदीचं खत. ठिबकमधून देतो ते."

त्यांची उरलेली अर्धी पिशवी शेतावर ओल धरते म्हणून आमच्याच माळ्यावर होती. मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आवाज चढला होता एवढं नक्की, कारण हे डोक्याला साबण तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून बाहेर आले.

"हा काय हळदीचा वाफा आहे, आबा? मला विचारायचं तरी!"

"इचारलं ना. आठ दिस इचारून राहिलो. तू व्हय व्हय म्हणतीस अन् पुसत बसतीस. पान पांढरं पडलं तर आमी पान पुसत न्हाई."

"किती टाकलं?"

"चिमूटभर. बादलीत इरघळवून."

चिमूट हे माप मी कुठल्याही औषधाला कधी मान्य केलेलं नाही. मी लेकीचा छोटा डिजिटल काटा काढला, माळ्यावरची पिशवी यांच्याकडून खाली घेतली, आणि सासऱ्यांना माझ्यासमोर तीनदा चिमूट घ्यायला लावली. दीड ग्रॅम. एक पूर्णांक चार. पुन्हा दीड.

"बराबर हाय का, सिस्टर?" आबांनी विचारलं.

हे म्हणाले, "त्यांची सही पण घे."

मी पिशवीवरचा मजकूर वाचला. पोटॅशियम नायट्रेट. कागदावर गणित केलं, सलाईनच्या डोससारखंच. दीड ग्रॅम, दोनशे लिटर, त्यातला नायट्रेटचा भाग. उत्तर साडेचारच्या आसपास आलं. नळी खरं बोलत होती. म्हणजे नवं काही कुजलेलं नव्हतं. आणि म्हणजे अकरा आठवडे पाण्यात खरोखरच काही नव्हतं.

मग मी ते केलं, जे मार्चमध्ये करायला हवं होतं. बसून वाचलं. कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, त्याला रंग आणि बरंचसं अन्न तेच पुरवतं, आणि त्या शेवाळाला थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट लागतंच. दोन्ही शून्यावर नेलं की कोरल उपाशी पडतं, आणि रिकाम्या पाण्यात नेमक्या त्या तपकिरी तारा फोफावतात, ज्या मी रोज ओढून काढत होते. मी जितकं स्वच्छ केलं, तितकं ते बिघडलं. खुणा माझ्याच हातच्या, रेघेसकट.

नऊ वाजता फोन आला. मी स्पीकरवर ठेवला.

"आई, टेस्ट झाली का?"

"झाली. नायट्रेट पाचाच्या आत आहे."

"मस्त. आणि हातोडी?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. यांनी पंख्याकडे.

"बरी आहे," मी म्हटलं. "फोटो पाठवते."

"मागच्यासारखाच काढ ना, समोरून. मैत्रिणींना दाखवायचाय. मी आले की सहावं तोंड फुटलंय का बघू."

मी फोन ठेवला.

"तिला काहून सांगत न्हाईस?" आबा म्हणाले.

"सांगणार आहे."

"मी तर तीन दिसात सांगून टाकलं. तुला किती म्हैने झाले?"

त्यांनी बशी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन स्वतः विसळली. असं ते एरवी करत नाहीत.

त्या दिवशीची यादी माझ्यापुढे आहे. दाण्यांची पिशवी बाहेर काढणे, बरोबर. माशांचं खाणं पूर्वीइतकं करणे, बरोबर. फेसाचं यंत्र हळू करणे, बरोबर. पाणी या आठवड्यात न बदलणे; यासमोर खूण कधी करायची ते कळेना, म्हणून आठ दिवसांची तारीख टाकली. खत पुन्हा टाकायचं तर वजन करून, दोघांनी मिळून. इथे आबांनी खरंच सही केली, तिरकी, पूर्ण नावानं. कपाटाच्या दारावरच्या लेकीच्या कागदावर मी पेन्सिलीनं भर घातली: नायट्रेट दोनच्या खाली जाऊ देऊ नको.

राहिलेली तीन तोंडं वाचतील की नाही, हे आज सांगता येत नाही. उपाशी पेशंटला एका जेवणानं उठवता येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. दुपारी टाकीवरचा दिवा पूर्ण लागला तेव्हा मधल्या तोंडाची दोन-तीन बोटं थोडी बाहेर आली होती. की मला तसं वाटलं. आबांना विचारलं तर म्हणाले, "आत्ताच न्हाई. घाई नको करू."

मी समोरून फोटो काढला. तीन आखडलेली तोंडं, दोन पांढरे सांगाडे, काचेत माझ्या हाताची सावली. तो फोनमध्ये आहे. यादीतलं शेवटचं काम, अजून खूण नाही: आजचा फोटो लेकीला पाठवणे.