सकाळचा पेपर कसा होता

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. शीतलच्या आईपाशी तर नाहीच — आणि आता ती राहिली नाही. वर्ष होत आलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. बघू.

मी अणदूरच्या बाजूचा. शाळा चौथीपर्यंत. जन्म पिठाच्या गिरणीत गेला. आम्हाला एकच मुलगी, उशिरा झालेली — शीतल. बी. कॉम. झाली आणि म्हणाली, एम.बी.ए. करायचं, पुण्याला जाऊन. त्याला आधी एक परीक्षा असते, कॉम्प्युटरवर. तिच्यात वर आलात तर चांगलं कॉलेज, नाहीतर घरी बसा.

मला त्यातलं काय कळणार, असं लोकांना वाटायचं. कळत होतं. तेच तर सांगायचंय.

भाकरी थापताना शीतल फोनवर क्लासच्या सरांचं लावून ठेवायची, मोठ्यानं. सर मागच्या पेपरांची चिरफाड करायचे. कुठला भाग सोपा, कुठला वेळ खातो, आधी काय घ्यायचं, कशाला हात लावायचा नाही. तर्काचे प्रश्न, आकृत्या, गणित, इंग्रजी. वेळ सगळ्याला मिळून एकच, कुठनं सुरू करायचं ते आपण ठरवायचं. ऐकून ऐकून माझं पाठ झालं. गिरणीवर मीच लोकांना सांगायचो — पर्सेंटाइल म्हणजे टक्के न्हाईत बाबा, शंभर जणांच्या रांगेत तू कितीजणांच्या म्होरं हाईस, ते.

"मग आण्णा, माझ्या जवारीचं बी काढा की पर्सेंटाइल," एकजण म्हणाला.

"तुझी जवारी रांगेत सगळ्यात मागं. निम्मे खडेच हायती."

लई हसले सगळे. मला पोरीचा अभिमान होता. हे खोटं नाही. अभिमान होता — आणि तरी मी ते केलं.

परीक्षेच्या आदल्या दिवाळीत शीतलच्या आईला अर्धांग झालं. उजवा हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. तिचं सगळं अंथरुणात. ते सगळं शीतल करायची. धुणं, पुसणं, कूस बदलणं, तेल चोळणं, घास भरवणं. आणि मी? मी दाराबाहेर उभा राहायचो. झालं का, म्हणून विचारायचो. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला धुवायची मला किळस यायची. लाज म्हणत होतो मी तिला. लाज नव्हती, किळस होती.

शीतल पुण्याला गेली तर हे कोण करणार? कुणी बोलून दाखवलं नाही. पण मी दुसरा काय विचार करत होतो त्या दिवसांत? दुसरा नव्हताच.

शीतलची आई मात्र एकच म्हणायची. जड जिभेनं, तुटक तुटक. "पोरीला जाऊ द्या. माझं काय, मी पडून ऱ्हाईन." परीक्षेच्या सकाळी शेजारच्या कमलाबाईला तिच्यापाशी बसवलं आणि आम्ही निघालो, तेव्हा डाव्या हातानं तिनं माझं धोतर धरलं. "नीट न्या तिला," म्हणाली. नेली की. नीटच नेली.

परीक्षा सोलापूरला होती, गावाबाहेरच्या एका कॉलेजात. दोन पाळ्या. शीतलची दुपारची. सकाळच्या पोरांना मागच्या गेटनं बाहेर सोडत होते आणि दुपारच्यांची रांग पुढच्या गेटला. अशा ठिकाणी एक रीत असते — दुपारच्यांचे आईबाप मागच्या गेटला जाऊन उभे राहतात आणि बाहेर पडणाऱ्या पोरांना विचारतात, पेपर कसा आला. प्रश्न तेच नसतात, पण कल कळतो. शीतलला रांग सोडता येत नव्हती.

"आण्णा, तुमी जावा," ती म्हणाली. "एवढंच विचारा — गणित कसं आलंय आणि आधी काय घेतलं."

मी गेलो. लातूरकडची एक पोरगी भेटली, लाल ओढणीची. घामाघूम झालेली, पण चांगलं समजावून सांगितलं तिनं. म्हणाली, "काका, गणिताच्या नादी लागू नको म्हणावं. लई लांबलचक आकडेमोड आहे, वेळ खातंय. तर्काचं सोपं आहे, आधी ते उरकायचं. गणित शेवटी, जमेल तेवढंच."

मला सगळं समजलं. शब्द न् शब्द. घरी सरांच्या तोंडनं तेच तर ऐकत होतो.

मागच्या गेटपासून पुढच्या गेटपर्यंत कंपाउंडच्या भिंतीकडेनं रस्ता होता. मी चालत आलो. ऊन होतं. त्या रस्त्यावर काय झालं म्हणून तुम्ही विचाराल. काय सांगू? डोकं फिरलं म्हणू? तोंडातनं निसटलं म्हणू? तसलं काही नाही. मी विचार करून आलो. गेटपाशी पोचलो तेव्हा माझं ठरलं होतं.

शीतलला म्हणालो, "गणित एकदम सोपं आलंय. आधी तेच घे, मार्क पदरात पाड. तर्काचं लई किचकट आहे म्हणत्यात, ते मागनं बघ."

"नक्की ना, आण्णा?"

"नक्की. चांगल्या हुशार पोरीनं सांगितलंय."

एवढंच. नीट उलटं. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्याला याहून जास्त करायची गरजच नव्हती. शीतल वाकली, माझ्या पाया पडली आणि आत गेली. आशीर्वाद दिला मी. काय दिला असेल? तोंडानं 'यशस्वी हो' म्हणालो.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. बसस्टँडवर उसाचा रस घेतला, तो तिनं तसाच ठेवला. मग बोलली. "गणित सुटंना आण्णा. पण सोपं आहे म्हणल्यावर मला वाटलं, माझंच कायतरी चुकतंय. म्हणून सोडलं न्हाय, तिथंच अडकून बसले. तर्काला हात घातला तर वेळच उरला न्हाय. नुसत्या अंदाजानं टिचक्या मारल्या."

माझंच कायतरी चुकतंय. ऐकलंत ना?

दुसऱ्या दिवशी सरांचं आलं फोनवर, त्या पेपरचं. चुलीपाशी बसून आम्ही दोघांनी ऐकलं, अंथरुणातनं तिच्या आईनं. दोन्ही पाळ्यांना गणित वेळखाऊ, तर्क सोपा. ज्यांनी आधी तर्क घेतला ते तरले. वाटलं, आता ही मान वर करून माझ्याकडं बघणार. तिनं बघितलं. आणि म्हणाली, "त्या पोरीला गणित येत असंल, आण्णा. येतं त्याला सोपंच वाटतंय. तिला काय बोल लावायचा?"

मी मान हलवली. त्या लाल ओढणीच्या पोरीनं उन्हात उभं राहून खरं सांगितलं होतं. तिच्या माथी मारलं आणि मी मान हलवली.

निकाल लागला. रांगेत शीतल लई मागं राहिली. पुण्याचं राहिलं. पुढच्या वर्षी परत दे, असं आई म्हणाली, मी म्हणालो नाही. शीतलनंही परत नाव काढलं नाही. "माझा वकूबच तेवढा," असं आल्यागेल्याला हसत सांगायची. दोन वर्षांनी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला दिली. नवऱ्याचं खता-बियाण्याचं दुकान आहे, गल्ल्यावर बसते. पोर चांगली आहे. सुखी आहे का? मी विचारलेलं नाही.

आणि ती सासरी गेल्यावर तिच्या आईचं कुणी केलं? मीच. दुसरं होतं कोण. पहिले काही दिवस नाक दाबून केलं, मग नाक दाबायचंही विसरलो. जमलं. अगदी साधं होतं. भांडं लावायचं, पाणी कोमट करायचं, पुसायचं, पावडर लावायची. यासाठी मी पोरीचं तसं केलं होतं.

इथंच थांबलो तर निम्मंच सांगितल्यासारखं होईल. खरं आता आहे.

निकालानंतर शीतलच्या आईनं सगळं स्वतःवर घेतलं. कुणी भेटायला आलं की तेच. "माझ्या हागण्यामुतण्यात पोरीचा पेपर गेला बाई. मी आडवी पडले आन् तिला आडवी आले." जीभ वळत नव्हती, तरी एवढं वाक्य ती पुरं करायची. मी बाजूलाच असायचो. तिच्या तोंडातनं ओघळलेलं माझ्याच टॉवेलनं पुसायचो आणि ऐकायचो. किती वेळा तोंड उघडता आलं असतं? रोज. दर पाहुण्याला. कुणी नसताना तर दिवसभर. मी काय म्हणायचो माहितीये? "असू दे गं, तुझा काय दोष?" हे असं म्हणायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, बाप्या मोठ्या मनाचा आहे, बायकोला माफ करतोय.

शेवटी तिला सोलापूरला दवाखान्यात ठेवलं. शीतल वाशीहून आली. आईनं तिचा हात धरला — त्या डाव्या हातानंच — आणि म्हणाली, "मला माफ कर गं बाई. तुझं वाटोळं केलं म्या."

"येडी हाईस का आई तू?" शीतल म्हणाली. हसायला लागली आणि हसताहसताच रडायला लागली.

मी पायथ्याशी उभा होतो. कॉटचा दांडा धरून. एक वाक्य होतं — तू न्हाय, मी केलं. एवढंच बोलायचं होतं. ती शुद्धीत होती, तिला ऐकू येत होतं. ती माझ्याकडं बघतसुद्धा होती.

बोललो नाही. सिस्टरला बोलावून आणतो म्हणालो आणि बाहेर गेलो. सिस्टरचं काही काम नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती गेली. स्वतःला दोषी धरून गेली. आता मी गावभर ओरडून सांगितलं तरी तिच्यापर्यंत पोचत नाही.

शीतलला सांगता येईल. ती आहे. रोज फोन करते, दुकानात गिऱ्हाईक नसलं की. आण्णा, जेवलात का, म्हणून विचारते. जेवलो म्हणतो.