उजवी बाजू नॉर्मल

मधुसूदनराव कुलकर्ण्यांना किळस यायला फारसं काही लागत नसे. जिन्यातल्या पिचकाऱ्या, टँकरच्या पाण्यावरचा तवंग, बीड बायपासला उगवलेल्या नव्या इमारतींची धूळ, हृदयाच्या सोनोग्राफीला छातीवर लावतात तो चिकट जेल, सगळ्याला त्यांचं एकच उत्तर, "शी". तपासणी केंद्रातल्या पोरींनी त्यांचं नाव शी-काका ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

सिडकोतल्या त्या केंद्रात ते बावीस वर्षं रिपोर्ट टाइप करत होते. डॉक्टर पडद्याआड यंत्र फिरवत आकडे सांगायचे, हे इकडे बडवायचे. आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, त्यांच्या कागदावर म्हणे कधी शाईचा डाग पडला नाही. नातवालाही तोच माज. आपल्या कागदावर खाडाखोड नसते, हे ते चहा देणाऱ्यालासुद्धा ऐकवत.

२०१३ च्या उन्हाळ्यात, शहराला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं तेव्हा, केंद्रानं चितेगावला मोफत शिबिर घेतलं. मालक डॉक्टरांनी एका दिवसात सत्तर हृदयं उरकली. डावी बाजू पटकन दिसते. उजवीकडून फुफ्फुसात रक्त किती दाबानं जातंय ते काढायचं तर झडपेतून मागं गळणारी धार शोधायची, तिचा वेग मोजायचा. त्याला स्थिर हात लागतो आणि दहा मिनिटं लागतात. सत्तर माणसांना दहा-दहा मिनिटं द्यायची कुणाची तयारी होती?

"उजवी बाजू काय लिहू?" मधुसूदनरावांनी पहिल्या चार-पाच जणांना विचारलं.

"अहो, ती ओळ फाइलमध्ये असतेच की. राहू द्या तशीच."

ओळ होतीच. उजवी बाजू नॉर्मल, फुफ्फुसातला दाब नॉर्मल. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि नुसती नावं, वयं नि डावीकडचे आकडे बदलत गेले. संध्याकाळपर्यंत सत्तर कागद झाले, एकावरही खाडाखोड नाही.

त्यातला एक कागद तीन वर्षांनी परत आला, तोही लॅमिनेशन करून.

पुन्हा दुष्काळच होता. आवडाबाई नावाची बाई सुनेला घेऊन आली. सून तनुजा, सव्वीस वर्षांची. पाय सुजलेले, ओठ निळसर, जिन्यात तीनदा बसून वर आलेली. आवडाबाईंनी पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला.

"हिला काय बी नाय झालं बघा. मोठ्या मशीनचा कागुद हाय ह्यो. ज्या डाक्टरकडं गेलो त्यानं ह्योच बघून दम्याचा फवारा दिला. टँकर आला की हिला दम लागतो. दोन हंडे माडीवर न्यायला पाच टायमाला बसती. उद्या हिच्या माहेरच्यांसंगं बैठक हाय. पाव्हणे म्हणले नवा कागुद आणा. तो बी चांगला निघाला की धाडली माहेरी, कायमची."

मधुसूदनरावांनी कागद उचलला. खाली कोपऱ्यात त्यांचीच सही होती, म. कु. त्यांच्या ओठांवर "शी" आलं, पण ते म्हणायचं कुणाला, हे कळेना.

त्या दिवशी यंत्रावर डॉक्टर वैदेही होती, नुकतीच लागलेली. तिनं वीस मिनिटं घेतली.

"लिहा, काका. उजवा कप्पा फुगलेला. मधला पडदा डावीकडं ढकललेला. फुफ्फुसातला दाब अंदाजे पंच्याण्णव." पंचवीस-तीसच्या आत असायला हवा, हे टाइप करणाऱ्यालाही माहीत होतं. "हे दोन महिन्यांतलं नाही. हिला आजच मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. आधीचा रिपोर्ट कुणी दिला होता?"

उत्तर ऐकून तिनं मालकांना कळवलं. थोड्याच वेळात मधुसूदनरावांच्या टेबलावर त्यांचा फोन आला. "नवा देऊन टाका. जुना ठेवून घ्या, हरवला म्हणा."

मधुसूदनराव उठले आणि बेसिनशी जाऊन दोनदा साबण लावून हात धुतले. धुळीला नि जेलला नाकं मुरडत बावीस वर्षं काढली, आणि घाण होती ती याच दहा बोटांना. त्यांना स्वतःचीच किळस आली.

परत आले तर तनुजा नवा कागद घेऊन बसली होती. "काका, मी नाटक करत नव्हते, असं लिवलंय ना ह्यात?"

"हो, लिहिलंय."

"म्हंजी आत्ता झालंय ते," आवडाबाई म्हणाल्या. "आधी नव्हतं की. आधीचा कागुद चांगलाच हाय. तीन वर्सं तर सोंगच केलं ना."

मधुसूदनरावांनी सीडीवर नावं लिहायचा काळा मार्कर घेतला, कारण लॅमिनेशनवर पेन चालत नाही. उजव्या बाजूच्या ओळीवर त्यांनी आडवी जाड रेघ ओढली. खाली लिहिलं, 'ही बाजू पाहिलीच नव्हती. न पाहता मी नॉर्मल लिहिलं.' आणि पुढं पूर्ण नाव.

"आवो, चांगला कागुद नासवला."

"तो नासकाच होता, बाई." त्यांनी दोन्ही कागद तनुजाच्या हातात दिले. "बैठकीत दोन्ही ठेवायला लाव. कुणी विचारलं तर मला बोलवा, मी येतो. पण तू आधी दवाखान्यात जा."

तनुजानं ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिच्या आवाजात राग नव्हता, दम नव्हता म्हणून असेल.

"तीन वर्सं पाणी वाह्यलं म्या, काका."