पाण्याकडचं स्वयंपाकघर

परवा खिडकी दुरुस्त करायला सुतार आला आणि सागाच्या भुशाच्या वासानं मला हे घर उभं राहिलं तो शुक्रवार आठवला. महायुद्धाच्या आधीची गोष्ट. ह्यांना दारणेच्या तळ्याकाठी लाकडी घर हवं होतं, ओसरीवर बसून पाणी बघायला. घराचा सांगाडा नाशकात तयार होऊन बैलगाड्यांतून आला. उर्दू शिकलेल्या मिस्त्रीनं खांबांना उर्दूसारखे उजवीकडून, म्हणजे पाण्याच्या बाजूनं, आकडे घातले होते. तो नमाजाला गेला आणि ह्यांना कुठला धीर! गडी लावून ह्यांनी डावीकडून, रस्त्याच्या बाजूनं, एक-दोन मोजत खांब उभे केले. ओसरी गेली रस्त्याकडे, स्वयंपाकघर आलं पाण्यावर. मिस्त्रीनं परत येऊन कपाळाला हात लावला. “बाईसाब, घर उलटं झालं! खोलतो.” मी म्हटलं, “खबरदार हात लावाल तर!” आजही ह्यांना तळं बघायचं असलं, की माझ्याशेजारी बसून लसूण सोलावा लागतो.