सॅलडची रोपं आणि माई

दुसऱ्यांदा लावलेली रोपंही संध्याकाळपर्यंत माना टाकून पडली. बोळिंजच्या वाडीत मी उकिडवा बसून मुळं तपासत होतो आणि विमलवहिनी डॉक्टरकडे बघावं तशा माझ्याकडे बघत होत्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एका बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसर होतो. मुंबईच्या हॉटेलांना लेट्यूस, म्हणजे कच्चा खायचा सॅलडचा पाला, हवा असे. विमलवहिनींनी हौसेने ट्रायल घेतली होती. केळी काढलेला एक तुकडा सासऱ्यांनी, नानांनी, त्यांना दिला होता. आता मात्र नाना म्हणाले, "अजून एकदा बघ. मेलं तर तिथे परत केळी." त्या घरात सुनेच्या हाती पहिल्यांदाच जमीन आली होती. ती जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

रोपं ओटीवर लाकडी खोक्यांत वाढवली होती. सावलीतलं रोप एकदम वाडीत लावलं तर करपतं. म्हणून आधी आठवडाभर त्याला रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवायचं, पाणी हात राखून द्यायचं. याला आम्ही हार्डनिंग म्हणतो. वहिनी रोज खोकी अंगणात ठेवत होत्या. तरी रोपं लांबुडकी, फिकट आणि लुळी.

तिसऱ्या खेपेला मी न सांगता गेलो. वहिनी बाजारात गेल्या होत्या. सासूबाई, म्हणजे माई, पदर खोचून खोकी आत नेत होत्या.

"माई, हे काय?"

"एवढी कोवळी पोरं उन्हात टाकून जाते ती! मी आत आनते, पानी पाजते. ती यायच्या आत परत बाहेर ठेवते. उगाच तिला वाईट नको वाटायला."

"पण त्यांना ऊन लागतं."

"माझा जन्म पानवेलीत गेला. पानवेलीला कोनी ऊन दाखवतं का?"

खरंच होतं. पानवेल सावलीत वाढते, रोज पाणी पिते. माईंनी सॅलडलाही तोच पाहुणचार केला होता.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "ट्रायल का फसली?"

"सासू, सर."

"रिपोर्टमध्ये सासू लिहिता येत नाही. जादा सावली लिहा."

लिहिलं. पण रिपोर्टने माई थोड्याच ऐकणार होत्या! दुसऱ्या दिवशी मी त्यांनाच गाठलं.

"माई, नातवाला न्हाऊ घातल्यावर कोवळं ऊन देता ना?"

"देते की! नायतर हाडं कशी धरतील?"

"मग यांची हाडं कधी धरायची?"

माईंनी वाकून एका रोपाची लुळी मान बोटाने उचलून पाहिली. मग त्यांनी सगळा कारभारच हाती घेतला. सकाळी खोकी अंगणात. नाना जवळ उभे राहिले की, "सरका, सावली पडते!" वहिनींनी पाण्याचा तांब्या उचलला की, "लाडावू नको!" ऊन कलल्यावर लावणी झाली. वर दोन दिवस नारळाच्या झावळ्यांची सावली केली. तिसऱ्या दिवशी माईंनीच त्या ओढून काढल्या.

रोपं धरली. पानं अशी फुगली की वहिनी हसता हसता रडल्या. नानांनी एक पान चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"लोक हे पैसे देऊन खातात?"

"हो," मी म्हणालो.

 नाना सुनेला म्हणाले, "बाजूच्या तुकड्यातले घड उतरले की तोही घे."

तेव्हापासून कुठल्याही ट्रायलला गेलो की मी माती बघायच्या आधी सासूबाईंना नमस्कार करतो.