दगड का माती

आमच्या सोसायटीच्या अंगणात सगळीकडे फरशी आहे. माती उरली आहे ती बदामाच्या आळ्यात. काल गॅलरीतून पोरांचा खेळ दिसला. नव्याने राहायला आलेल्या मुग्धावर राज्य होतं.

"दगड का माती?"

"माती," ती म्हणाली.

म्हणजे मातीवर पाय ठेवेल त्यालाच तिने पकडायचं. पोरं खुशाल फरशीवर उभी राहिली. "ये की गं, पकड ना! घाबरलीस?" तासभर ती आळ्याभोवती एकटीच फिरली. राज्य काही उतरलं नाही.

जिन्यात भेटली तेव्हा डोळे लाल होते. मी म्हटलं, "रडतेस काय? उद्या दगड माग. सगळं अंगण तुझं."

आज तिने मोठ्याने दगड मागितला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातली थोरली म्हणाली, "आजपासून उलटं हं. जे मागशील, त्यावर आम्हाला पकडायचं नाही."

नव्या माणसाला नियम असाच कळतो, मोडल्याचं सांगितलं जातं तेव्हा. सासरी, ऑफिसात, सगळीकडे. जुन्यांना नियम पाठ नसतातच. ते फक्त एकमेकांना पाठ असतात.

मुग्धा आळ्यात जाऊन उभी राहिली आणि तिने वर माझ्याकडे पाहिलं. आमच्या गल्लीत लहानपणी हे 'आजपासून उलटं' मीच म्हणायचे. काल जिन्यात ते तिला सांगायचं विसरले, असं मात्र म्हणता येणार नाही.