खिशात राहिलेला स्क्रूड्रायव्हर

ऐंशीच्या दशकात आमचे हे जयपूरला विमानांच्या देखभालीचे परवानाधारक इंजिनिअर होते. यांची सही झाल्याशिवाय विमान हलत नसे. घरचा कूलर मात्र आठ दिवस बंद होता, तोही मे महिन्यात!

एका दुपारी हे जेवायला आले, घामट शर्ट बदलला आणि परत सांगानेरला विमानतळावर गेले. मी शर्ट धुवायला घेतला, तर खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर. म्हटलं, बरा सापडला! स्टुलावर चढून कूलरचे ढिले स्क्रू माझे मीच आवळले.

तासाभरात स्कूटर दारात. यांचा चेहरा पांढराफटक.

"अहो, काय झालं?"

"सहीआधी हत्यारं मोजली, एक कमी भरलं. इंजिनात राहिलं असेल तर घात होईल. विमान थांबवलंय, सगळं पुन्हा उघडलंय. माझा शर्ट कुठाय?"

मी कूलरवर ठेवलेल्या स्क्रूड्रायव्हरकडे बोट दाखवलं. हे मटकन खाली बसले आणि हसायलाच लागले.

"एक कमी आहे, हे आणखी कुणाला कळलं होतं?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. मीच सांगितलं."

संध्याकाळी ते विमान आमच्या गच्चीवरून गेलं. उशीर झाला म्हणून आतली माणसं अजून यांच्या नावानं खडे फोडत असतील. फोडू देत. फोडायला सुखरूप आहेत ना!