दहा मीटर खालची मिरची

मदन गेल्याचा फोन आला तेव्हा मी पथारीवर उभा होतो. पथारी म्हणजे नंदुरबारच्या बाहेरचं ते मोठं मैदान, जिथं ओली लाल मिरची वाळत घालतात आणि जिथून जाताना बाहेरगावचे लोक गाडीच्या काचा वर करतात. सकाळी चहा पिताना त्याच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, असं त्याच्या मुलानं सांगितलं. मी मोबाइल खिशात टाकला आणि... खोटं कशाला सांगू, मनात पहिल्यांदा आलं ते हे की आता ते भांडण मिटायचं राहिलं. चार वर्षांपूर्वी मी त्याला चारचौघांत एक वाक्य बोललो होतो आणि ते परत घेतलं नव्हतं.

मदनचे पणजोबा राजस्थानातून इथं आले, दुकान टाकलं आणि इथलेच झाले. मी गावातल्याच शेतकऱ्याचा मुलगा. आम्ही शाळेत एका बाकावर बसलो आणि पुढं मिरचीच्या धंद्यात भागीदार झालो. खरेदी त्याच्याकडे, वाळवण आणि निवड माझ्याकडे. आमचं दोघांचंही पोट लाल रंगावर. ढीग लांबून बघून मदन सांगायचा की हा माल कुठल्या शिवारातला आणि किती दिवस झाकून ठेवलेला. नाक मात्र देवानं त्याला चुकीचं दिलं होतं. पथारीवर पाय ठेवला की शिंका सुरू, त्या घरी जाऊन आंघोळ करेपर्यंत. लहानपणी तापीकाठच्या प्रकाशा गावी गेलो की तो नदीत तासतासभर डुंबायचा. मी घाटावर दोघांचे कपडे राखत बसायचो. पाण्याचं आणि माझं कधी जमलं नाही.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो बायको-मुलांना घेऊन मालवणला फिरायला गेला आणि पाठीवर हवेचं नळकांडं बांधून समुद्रात उतरला. परत आला तो थेट पथारीवर, पिशवीसुद्धा घरी न टाकता. मला वाटलं मासे पाहिल्याचं सांगेल. मासे राहिले बाजूला. आधी म्हणाला, खाली अर्धा तास होतो, एक शिंक आली नाही. मग मनगटावरचा पूजेचा लाल धागा माझ्या नाकासमोर धरला.

“भटू, हाऊ धागा खाले काया व्हई गया! वर उना तं परत लाल!”

“पानी पिई गयथा का तू?” मी म्हटलं.

पण त्याला चैन पडेना. आयुष्यभर लाल रंग पारखणारा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांदेखत लालाचं काळं झालं होतं. तीन महिन्यांत तो पुन्हा गेला, रीतसर बुडी मारायला शिकला, पाण्यात चालणारा कॅमेरा घेतला, आणि जाताना आमच्या ढिगातली एक वाळलेली मिरची पारदर्शक पिशवीत बंद करून सोबत नेली. ती पिशवी तो कॅमेऱ्याच्या मुठीला बांधायचा, आत मिरची दर हंगामाला नवी. होडीवाल्यांना वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून शेठनं मिरची टांगलीय, लिंबू तेवढं विसरलाय. मदनचं काम वेगळंच होतं. प्रत्येक खोलीवर तो आधी त्या मिरचीचा फोटो घ्यायचा, एक दिव्याशिवाय, एक दिवा लावून. घरी आल्यावर संगणकाच्या पडद्यावरची मिरची हातातल्या मिरचीशी जुळेपर्यंत रंग सारखा करायचा. मिरची जुळली की त्या बुडीतले सगळे मासे जुळले, असा त्याचा हिशेब.

दरवर्षी मिरचीचा हंगाम सरला की तो निघायचा. मालवण, पुढे कर्नाटकाचा किनारा, एकदा अंदमानसुद्धा. समुद्रघोडा, दगडासारखा पडून राहणारा मासा, बोटाएवढी रंगीत समुद्री गोगलगाय... फोटो बघताना त्याची आई प्रत्येक वेळी विचारायची, सोडलंस ना रे त्याला? तो सांगायचा, आई, मी हातसुद्धा लावत नाही. ते खरंच होतं. वाळूवर पोट टेकवून, श्वास धीमा करून तो ताटकळत राहायचा. मासा आपणहून जवळ आला तर फोटो, नाही तर नाही. गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबलं नाही तर चिडणारा हा माणूस एका खेकड्यासाठी तिथं तासभर थांबत होता, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

त्यातला एक फोटो तांबोशीचा होता. कोकणात जेवणात असतो तोच लाल मासा, पण खडकाच्या कपारीतून समोर बघणारा, जिवंत. काय लाल होता तो! आमच्या पहिल्या तोडणीच्या मालासारखा. मी मदनला विचारलं, खाली लाल दिसतच नाही म्हणतोस, मग या माशानं लाल कपडे कुणासाठी घातलेत? तो खूश झाला. म्हणाला, लपायला. पाणी आधी लाल उजेडच खाऊन टाकतं, त्यामुळे लाल मासा तिथं काळोखासारखा दिसतो. आपण दिवा लावला म्हणून आपल्याला दिसला. मी मान डोलवली, पण मनात म्हटलं, हा आता काहीही फेकायला लागलाय. त्याच जागी दिव्याशिवाय काढलेला त्याचा व्हिडिओ मी पाहिला होता, सगळं राखाडी आणि निळं. आणि संगणकावर रंग फिरवताना तर मी त्याला स्वतः पाहिलं होतं.

मग गावातल्या मंगल कार्यालयात त्यानं फोटोंचं प्रदर्शन भरवलं. बाजारातले सगळे व्यापारी आले होते. तांबोशीसमोर गर्दी होती. मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. मी मोठ्यानं म्हणालो, “मदन, हाऊ माल रंग लायेल शे.”

सगळे खो खो हसले. मिरचीच्या धंद्यात यापेक्षा घाण शिवी नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रंग लावलेला माल म्हणजे फसवणूक, आणि तीस वर्षांत मदनच्या मालावर तसं बोट कुणी ठेवलं नव्हतं. त्यानं शांतपणे तो फोटो भिंतीवरून उतरवला. दारात मला गाठून एवढंच म्हणाला, “मी रंग लावस नही, भटू. परत आनस. एकदाव खाले चाल, मंग बोल.”

मी गेलो नाही. पाण्याची भीती होती, आणि त्याहून मोठा ताठा होता. धंदा चालू राहिला, चहा चालू राहिला, पण त्यानंतर मदननं मला एकही फोटो दाखवला नाही. मीही मागितला नाही. या चार वर्षांची मला लाज वाटते.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोनं, सरलाभाभींनी घरी बोलावलं. “त्यांची पिशवी तुम्हीच घ्या भाऊ, पोराला यातलं काही समजत नाही.” पिशवीत कॅमेरा होता, काचा पुसायचं फडकं होतं, आणि मुठीला ती मिरची. तळाशी तांबोशीचा फोटो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

पुढच्या आठवड्यात मी मालवण गाठलं. चौपन्न वर्षांचा माणूस, डॉक्टरची चिठ्ठी खिशात, पोहता येत नाही. होडीवर बुडी शिकवणाऱ्या पोरानं माझ्या हातातली मिरचीची पिशवी पाहिली आणि विचारलं, “ही मदनशेठांची मिरची मा?” दोन दिवस त्यानं मला उथळ पाण्यात तोंडानं श्वास घ्यायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी माझा दंड घट्ट धरून खाली नेलं. कान दुखले, दोनदा वर चला अशी खूण केली. मग दहा मीटरवर पाय वाळूला टेकले आणि मी पिशवी डोळ्यांसमोर धरली.

मिरची काळी होती. मळकट, करपल्यासारखी. पथारीवर असती तर मी बघताक्षणी बाद मालात फेकली असती. पस्तीस वर्षं रंग पारखणारे माझे डोळे, आणि ते साफ खोटं सांगत होते. पोरानं दिवा लावला... आणि माझ्या मुठीत नंदुरबारची लालभडक मिरची होती. दिवा बंद, काळी. दिवा चालू, लाल. मी त्याला पाच-सहा वेळा तेच करायला लावलं. तोंडात नळी असली की माफी मागता येत नाही, हे मला तिथं कळलं. आणि मिरची नाकासमोर असूनही, मदन म्हणाला होता तसं, एक शिंक आली नाही.

तांबोशीचा फोटो आता पथारीवरच्या खोलीत, वजनकाट्याच्या वर लावलाय. शेजारी खिळ्याला ती पिशवी. माल घ्यायला आलेले व्यापारी फोटोकडे बघून डोळे मिचकावतात. माझं ते जुनं वाक्य बाजारात अजून जिवंत आहे, दुसरं काय. परवा एकानं विचारलंच, “काय भटूभाऊ, रंग लायेल शे का?”

“नही,” मी म्हटलं. “मी खाले जाईसन देखी येल शे.”